नऊ दिवस, चाळीस एकर : हरणाच्या शिकारीसाठी जागा शोधतानाच्या नोंदी

१४ जुलै २०२४, रविवार. मॅडिसन

या वर्षी शिकारीला जायचं, हे ठरलं. कुठे जायचं हे ठरलेलं नाही, म्हणून या नोंदी.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरीण मारायचा मुख्य हंगाम नऊच दिवसांचा. थँक्सगिव्हिंग या सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. यंदा २३ नोव्हेंबर ते १ डिसेंबर. या नऊ दिवसांसाठी साडेपाच लाखांच्या आसपास लोक परवाना काढतात. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसातल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात आणि मी इमानदारीत बसून बिल्ड दुरुस्त करत असतो. चौदा वर्षं केलं, पुरे झालं.

भारतात वन्यजीव कायद्याने हरणाच्या शिकारीला बंदी आहे आणि ते योग्यच आहे. इथली गोष्ट उलटी. राज्याच्या दक्षिण भागात हरणाला खाणारं जनावर फारसं उरलेलं नाही, मक्याची आणि सोयाबीनची शेतं मैलोन् मैल पसरलीत, त्यामुळे हरणं वाढतात आणि शेवटी कुणाच्या तरी गाडीखाली येतात. गेल्या वर्षी एक माझ्याच गाडीच्या बॉनेटवर आलं.

आमच्या आजोबांकडे कणकवलीला ठासणीची बंदूक होती. शेतात डुकरं यायची. गावातले लोक मिळून हाका काढायचे, म्हणजे ओरडून डुकरांना रानातून बाहेर हाकलायचे. मला घरीच ठेवायचे, पण निघण्यापूर्वीची अंगणातली बैठक आठवते. आजोबा एकेकाला समोर उभं करून विचारायचे, “तू खंय बसतलंस?” उत्तर मिळालं की परत विचारायचे. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं तरच त्या माणसाला बंदुकीची दारू आणि गोळ्या.

४ ऑगस्ट, रविवार

१ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला इथे शिकारी-सुरक्षेचा कोर्स केल्याशिवाय स्वतःच्या जोरावर परवाना मिळत नाही. मोठ्यांना तो घरबसल्या ऑनलाइनही करता येतो. मी मुद्दाम प्रत्यक्ष वर्गाला गेलो. वर्गात मी, माझा मित्र सोलापूरकर, आणि बाकी सगळी बारा-तेरा वर्षांची मुलं. त्यातल्या एका पोरीने मला रायफलचा बोल्ट कसा काढायचा ते दाखवलं.

शिकवणारे गुरुजी सत्तरीचे. चार नियम घोकून घेतले. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा. नळी कायम सुरक्षित दिशेला. निशाण आणि त्याच्या पलीकडे काय आहे, दोन्हीची खात्री करा. बोट चापाच्या कडीबाहेर. तिसऱ्या नियमावर ते अर्धा तास बोलले. रायफलची गोळी हरणातून आरपार जाते आणि हरीण चुकलं तर दोन मैलांहून पुढेही पोचू शकते. म्हणून हरणामागे माती पाहिजे. टेकडीच्या माथ्यावर आभाळाला टेकून उभं असलेलं हरीण मारायचं नाही, ते कितीही मोठं असो.

सोलापूरकर अजून एच-वन-बीवर आहे. केंद्राच्या कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना असेल तर सूट आहे. पण ग्रीन कार्डचा अर्ज मध्यावर असताना तो जोखीम घ्यायला तयार नाही. “मी तुझ्यासोबत भाकरी घेऊन येतो,” म्हणाला.

उद्यापासून श्रावण. घरात मांसाहार बंद. बायको म्हणाली, महिनाभर नकाशेच बघ.

२५ ऑगस्ट, रविवार

नकाशेच बघितले. ऑनएक्स या अ‍ॅपवर प्रत्येक तुकड्याची हद्द आणि मालकाचं नाव दिसतं. इथे हे लागतंच. दुसऱ्याच्या जमिनीत परवानगीशिवाय पाय ठेवता येत नाही आणि मालकाने पाटी लावलेलीच असेल असं नाही. जखमी हरीण कुंपण ओलांडून गेलं तरी आधी दार ठोठवायचं.

उत्तरेतलं शेक्वामेगन-निकोलेट राष्ट्रीय वन पंधरा लाख एकर आहे. गर्दीचा प्रश्नच नाही. पण चार-पाच तासांचा रस्ता, फोनला रेंज नाही, पहिलंच वर्ष आणि बरोबर भाकरीवाला. खोडलं.

दक्षिणेत घराजवळ तीन पर्याय आहेत. एक, लोअर विस्कॉन्सिन स्टेट रिव्हरवे. प्रेअरी डू सॅकच्या धरणापासून मिसिसिपीपर्यंत ९२ मैल नदीकाठ, १९८९ साली राज्याने राखायला घेतला. दोन, ज्यांना राज्य पैसे देऊन लोकांसाठी खुल्या करून घेतं अशा शेतकऱ्यांच्या जमिनी. तीन, मॅनेज्ड फॉरेस्ट लॉ. यात मालक जंगल नीट सांभाळायचं कबूल करतो आणि बदल्यात त्याचा कर कमी होतो. जमीन ‘खुली’ ठेवली तर आणखी कमी. खुल्या तुकड्यात कुणीही शिकारीला, मासेमारीला, चालायला जाऊ शकतं. मालकाला विचारावंही लागत नाही. फक्त तिथे पोचायची वाट दुसऱ्याच्या बंद जमिनीतून जाणारी नको. नकाशावर असे कितीतरी खुले तुकडे चारी बाजूंनी कोंडलेले दिसतात. कर वाचतो, पाहुणा येत नाही.

बायकोने आज विचारलंच. “ते २००४ चं वाचलंस ना?” वाचलं होतं. सॉयर काउंटीत एक ह्मोंग (आग्नेय आशियातून इथे आलेल्या समाजाचा) शिकारी दुसऱ्याच्या खासगी जमिनीवरच्या मचाणावर बसला, मालक मंडळींशी वाद झाला आणि सहा माणसं मेली. पुढे जानेवारी २००७ मध्ये मॅरिनेट काउंटीतल्या सार्वजनिक जंगलात एका ह्मोंग शिकाऱ्याला गोऱ्या शिकाऱ्याने मारलं. जंगलात बंदूक घेतलेला सावळा अनोळखी माणूस म्हणजे मीच. हद्दीच्या रेषेजवळ बसायचंच नाही, एवढं तिला कबूल केलं. ती म्हणाली, “आणि आत बसलास हे कुणाला माहीत असणार?” मी म्हटलं, कुणालाच माहीत नसावं म्हणूनच तर रिकामी जागा शोधतोय. तेव्हा मला हे बोलणं हुशारीचं वाटलं होतं.

२२ सप्टेंबर, रविवार. स्प्रिंग ग्रीनजवळ, नदीवर

युक्ती सुचली होती की लोक पाणी ओलांडत नाहीत, आपण ओलांडू. कनू, म्हणजे वल्ह्यांची अरुंद होडी, भाड्याने घेतली, दोघं निघालो. सप्टेंबरात ही नदी फार गोड. रुंद, उथळ, मधे वाळूचे दांडे, त्यावर लोक खुर्च्या टाकून बसलेले. सोलापूरकरने आयुष्यात वल्हं धरलेलं नव्हतं. पहिल्या वळणावर आम्ही उलट्या तोंडाने चाललो होतो.

एका मोठ्या बेटावर उतरलो. हरणांच्या खुरांनी वाळू अशी तुडवलेली की बाजार भरून गेल्यासारखी. लेंड्या ताज्या. माणसाची खूण म्हणाल तर एक बिअरचा डबा, तोही वाहून आलेला. मी खूश.

मग खाली बसलो आणि बंदूक धरल्यासारखी काठी धरून गोल फिरलो. बेट ताटासारखं सपाट. सिल्व्हर मेपलची उंच उघडी खोडं, त्यांच्या मधून पलीकडचं पाणी, पाण्यापलीकडे दुसरं बेट. कुठल्याही बाजूला गोळी अडवणारी माती नाही. पलीकडच्या बेटावर माझ्यासारखाच कुणी युक्तिबाज येऊन बसला असेल तर तो मला दिसणार नाही आणि मी त्याला. त्यात नोव्हेंबरचं पाणी. त्या गारठ्यात कनू उलटली तर हातपाय मिनिटांत बधिर होतात. दीडशे पौंडांचं मेलेलं जनावर घालून उलट्या प्रवाहात ती वल्हवायची कोणी?

येताना सोलापूरकर म्हणाला, “जागा चांगली आहे रे, हरणांसाठी.”

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

रायफल पाटावर मांडली. बोल्ट काढून बाजूला, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. हळद-कुंकू लाकडी दस्त्यावर, नळीला लावू दिलं नाही. मुलीने लॅपटॉपही शेजारी आणून ठेवला. आपट्याची पानं मिळत नाहीत, तर बर्चची पिवळी पानं वाटली.

दुपारी रेंजवर. १०० यार्डांवर तीन गोळ्या बशीएवढ्या जागेत. गुरुजी म्हणाले होते, बशीबाहेर गेलं की अंतर कमी करा. तर माझं अंतर शंभरच.

१९ आणि २० ऑक्टोबर

काल फेझंट या रानकोंबड्यासारख्या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम उघडला. गर्दी कशी वागते ते बघायला दोन्ही दिवस पहाटे रिव्हरवेच्या मॅझोमनी भागात गाडीत बसून राहिलो. राज्य तिथे पाळलेले फेझंट सोडतं, म्हणजे जत्राच. पहिल्या पार्किंगमध्ये साडेसहाला अकरा गाड्या, आठला सतरा. माणसं उतरतात, कुत्री उतरतात, रुंद गवताळ पायवाटेने सरळ चालतात आणि दहा-पंधरा मिनिटांत पांगतात. कुणी चढ चढत नाही, ओढा ओलांडत नाही.

परतताना हायवे ७८ वरच्या ब्लॅक हॉक युनिटला थांबलो. दाट ओकांचे उभे कडे. २१ जुलै १८३२ ला इथेच सॉक या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी सैन्याला अडवून धरलं, मागे बायकापोरं नदी उतरत असताना. उतारावर उभं राहिलं की का अडवता आलं ते कळतं. वर बसलेल्याला सगळं दिसतं आणि त्याच्या गोळीसमोर खालच्या दरीचा पलीकडचा उतार असतो. जागा सुंदर, पण पार्किंगमध्ये पुन्हा सहा गाड्या, सगळ्यांच्या काचांमागे धनुष्याच्या पेट्या. उघडतीच्या दिवशी इथे नारिंगी कोटांची दिंडी असणार.

मात्र एक समजलं. मी आतापर्यंत रस्त्यापासून लांबच्या जागा शोधत होतो. गर्दी येते पार्किंगच्या पाटीमागे. जिथे पाटी नाही, तिथे रस्त्याला लागून असलेलं रानही लोक बघत नाहीत.

२६ ऑक्टोबर, शनिवार

सापडली बहुतेक.

आयोवा काउंटीत आहे, यापुढे लिहीत नाही. मासे पकडणारा आणि शिकारी जागेबद्दल खरं बोलत नाही म्हणतात. मी निदान खोटं बोलत नाही, गप्प बसतो.

मॅनेज्ड फॉरेस्टचा खुला तुकडा, चाळीस एकर. इथे चाळिसाला महत्त्व आहे. जुन्या मोजणीत एक चौरस मैलाचे ६४० एकर, त्याचे सोळा भाग, प्रत्येक चाळिसाचा. हा भाग गावरस्त्याला टेकलेला आहे, पण पाटी नाही, पार्किंग नाही, कडेला एक गाडी कशीबशी उभी राहील एवढंच गवत. मालक राज्याबाहेर. समोर, रस्त्यापलीकडे, एक डेअरी फार्म.

हा सगळा ड्रिफ्टलेस पट्टा. हिमनद्यांनी इथे जमीन रंधली नाही, म्हणून सह्याद्रीच्या पोटातल्यासारख्या घळ्या आणि दांडे शिल्लक आहेत, फक्त छोटे. आमच्या चाळिसात एक घळ आहे, इंग्रजी यू अक्षरासारखी, तोंड दक्षिणेला. पूर्वेच्या दांड्यावर एक म्हातारा पांढरा ओक. बुंधा माझ्या खांद्यांपेक्षा रुंद. त्याला पाठ लावून बसलं की समोर खाली घळ आणि त्यापलीकडे पश्चिमेचा उतार, नुसती माती आणि पाचोळा. मोजलं, ऐंशी यार्ड. मागून कुणी चुकून बार केलाच तर बुंधा आहे.

पांढऱ्या ओकाच्या फळांत कडवटपणा कमी, म्हणून हरणं ती आधी खातात. बुंध्याभोवती टोप्यांचा खच होता, फळ एक नाही. खाली घळीत बोटाएवढ्या सुमाकच्या तीन खोडांची साल नराने शिंगं घासून सोललेली, आतलं लाकूड ओलं. वारा इथे बहुतेक पश्चिमेचा-वायव्येचा, म्हणजे घळीतून माझ्याकडे. पहाटे गार हवा उताराने खाली उतरते तेव्हा माझा वास घळीत सांडेल, त्यामुळे पहिला तास वाया जाणार. चालेल.

मचाण बांधणार नाही. झाडावरून पडणं हे इथल्या शिकाऱ्यांच्या दुखापतीचं मोठं कारण आहे. माझं वजनही आता ओकालाच झेपेल असं आहे, शिडीला नाही.

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज

रात्री घड्याळं एक तास मागे गेली. सकाळी बेसनाचे लाडू डब्यात घालून समोरच्या फार्मवर गेलो. खरं तर यांची परवानगी लागत नव्हती, चाळीस एकर त्यांचे नाहीत. पण बायकोचा ऑगस्टमधला प्रश्न डोक्यातून जात नव्हता.

दार एका आजीबाईंनी उघडलं. ऐंशीच्या असतील. पायात रबरी बूट, हातात दुधाची बादली धुवायचा ब्रश. मी नाव सांगितलं, ते त्यांनी तीनदा वेगवेगळं उच्चारून बघितलं आणि सोडून दिलं. काम सांगितलं. त्या थोडा वेळ बघत राहिल्या. मग आत वळून एक जुनं कॅलेंडर आणलं, टेबलावर पालथं टाकलं, पेन्सिल माझ्या हातात दिली आणि विचारलं, “नेमका कुठे बसणार आहेस?”

मी पेन्सिल हातात धरून तसाच उभा राहिलो. आजोबांची मालवणी ऐकू आली, स्पष्ट.

घळ काढली, दांडा काढला, ओकावर फुली मारली. त्यांनी पेन्सिल घेऊन उत्तरेला एक आडवी रेघ ओढली. ती त्यांच्या कुटुंबाची हद्द. नातू आणि त्याचे चुलतभाऊ मिळून सात जण. शनिवारी सगळे आपापल्या मचाणावर. रविवारी दहाला ते उत्तरेकडचं रान हाकतात, पूर्वेकडून पश्चिमेला. “म्हणजे हरणं तुझ्या घळीत येतील,” त्या म्हणाल्या, “आणि मी त्यांना सांगेन की दक्षिणेला बार नाही.” पश्चिमेच्या दांड्यापलीकडे कुणी आहे का, विचारलं. एक जोडपं, फक्त धनुष्यवाले, बंदुकीच्या हंगामात येत नाहीत. “माझं घर कुठून शंभर यार्ड पडतं ते माहीत आहे ना?” असंही त्यांनी विचारून घेतलं. दुसऱ्याच्या वस्तीच्या घरापासून त्याच्या आत परवानगीशिवाय बार करता येत नाही. मी म्हटलं, ओकापासून घर पाऊण मैल आहे, मोजलंय.

लाडू खाऊन विचारलं, हे कशाचं? हरभऱ्याचं, तुपात भाजून. “तूप म्हणजे लोणीच ना?” डेअरीवाल्या बाईला तूप समजावायला मला काहीच त्रास झाला नाही.

दोन महिने मी माणसं नसलेली जागा शोधत होतो. आता कॅलेंडरच्या मागे एका फुलीभोवती सात माणसं आहेत आणि मला पहिल्यांदा स्वस्थ झोप लागेल असं वाटतंय.

१६ नोव्हेंबर, शनिवार

रंगीत तालीम, बंदुकीशिवाय. काल त्रिपुरी पौर्णिमा होती, चांदणं एवढं की टॉर्च खिशातच. तरी नारिंगी जाकीट आणि टोपी दोन्ही घातली, धनुष्यवाले अजून रानात आहेत. (कमरेवरच्या कपड्यांचा निम्मा भाग झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी हवा हा नियम बंदुकीच्या दिवसांपुरता आहे. सोलापूरकरने गुलाबी घेतलं. सेलवर होतं.)

गाडीपासून ओकापर्यंत बावीस मिनिटं. पाचोळा करंज्या मोडल्यासारखा वाजतो. पश्चिमेला, समोरच्या दांड्यावर, मृग नक्षत्र कललेलं, पोटातला तीन ताऱ्यांचा बाण आणि मागे व्याध. सोलापूरकर कुजबुजला, “हा लेकाचा कधीपासून पाठलाग करतोय, अजून परवाना संपला नाही त्याचा.” मी त्याला गप्प केलं. गाडीपाशी आल्यावर मात्र हसलो.

२३ नोव्हेंबर, शनिवार. पहिला दिवस

पाचला ओकापाशी. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून बार चालतो. घड्याळाचा काटा तिथे आला आणि चारी बाजूंनी, लांबून, लक्ष्मीपूजनाच्या रात्रीसारखे आवाज. उत्तरेकडून चार बार ऐकू आले. पूर्वी दचकलो असतो. आज मोजत बसलो, हा कोपऱ्यातला मचाण, हा ओढ्याकाठचा.

९.१० ला नर आला. शिंगांना मी मोजली तेवढी आठ टोकं. आला तो पश्चिमेच्या दांड्याच्या अगदी माथ्यावर, आणि थांबला. ऐंशीऐवजी शंभर यार्ड असतील. मागे फक्त आभाळ. दुर्बिणीत त्याच्या नाकातली वाफ दिसत होती. बोट कडीबाहेर ठेवून मी मनात म्हणत राहिलो, चार पावलं खाली ये बाबा. तो पलीकडे उतरला.

सोलापूरकर दिवसभर काही बोलला नाही. संध्याकाळी गाडीत म्हणाला, “मी असतो तर मारलं असतं.” मग थोड्या वेळाने, “म्हणूनच मला देत नाहीत.”

२४ नोव्हेंबर, रविवार

दहाला उत्तरेकडून हाळ्या. हाकाच! भाषा वेगळी, सूर तोच. सव्वादहाला दोन माद्या घळीच्या तोंडाशी, मागे वळून बघत. पहिली समोरच्या उताराच्या मध्यावर आडवी उभी राहिली. मागे माती, फक्त माती. एक बार. तीस-चाळीस यार्ड धावली आणि पाचोळ्यात बसल्यासारखी पडली.

हात नंतर थरथरले. तिच्या कानामागे गोचिडाचं जुनं वण होतं, ते बघत किती वेळ उभा होतो कोण जाणे.

मादीसाठी परवानगी वेगळी लागते आणि ती सार्वजनिक जमिनीची की खासगीची हे आधी निवडावं लागतं. कायद्याने खुली असलेली खासगी जमीन या हिशोबात कुठे धरतात हे मी आधीच विचारून ठेवलं होतं. नोंदणी दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत करायची असते, ती मी ओकाखालीच फोनवर केली.

ओढून आणायला आजीबाईंचा नातू आला. जनावराला नारिंगी पट्टा बांधला, कारण ओढताना हलणारं तपकिरी काही दिसलं की लांबच्याला मोह होतो. तो म्हणाला, “काल नर तुझ्याकडे गेला होता. बार ऐकू आला नाही.” माथ्यावर होता, मी म्हटलं. त्याने मान हलवली आणि पुढचे पाय धरले.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

डोकं आणि मानेचा वरचा भाग तपासणीच्या पेटीत टाकला. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांच्या मेंदूचा रोग राज्यात २००२ मध्ये पहिल्यांदा आढळला तो याच भागात, माउंट होरेबजवळ. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण बाधित मांस खाऊ नका असंच सांगतात. मांस फ्रीझरमध्ये, तारखेची पट्टी लावून. कोथिंबीर आणि सुकं खोबरं आणून ठेवलंय.

१२ डिसेंबर

निकाल आला. रोग आढळला नाही.

फ्रीझरमधून दोन पाकिटं काढली, तेवढ्यात बायकोने भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बोट केलं. मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. पाकिटं परत आत. वाटण मात्र आजच करून ठेवतोय.